चौथ्या मजल्यावर थांबलेली लिफ्ट

आई,

वॉर्डात ड्यूटी बदलताना तुम्ही सिस्टर आधी काय घडलं ते सांगायचात, आणि कोणाला काय वाटतं ते नंतर. म्हणून आधी घडलेलं लिहिते.

१. बुधवारी संध्याकाळी मावशी आपल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून एकटीच लिफ्टने खाली निघाली. तुझ्याबरोबर एकाच वॉर्डात काम केलेली आपली मावशी. ती आता निवृत्त आहे आणि गुडघ्यांमुळे तिला जिना उतरता येत नाही.

२. लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये असताना इमारतीचा मुख्य फ्यूज उडाला. आतला दिवा आणि पंखा बंद झाले. लिफ्ट थांबली.

३. अंधारात मावशीने मोठ्याने प्रार्थना केली की प्रभू, मला घरी ने.

४. वीज नसताना लिफ्ट हळूहळू वर जाऊ लागली.

५. चौथ्या मजल्याशी, एका पायरीचा फरक ठेवून, ती थांबली. मावशीने जाळीचं दार सरकवलं आणि बाहेर पाऊल टाकलं. समोर तिचंच घर होतं.

६. येत्या रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुती आहे. देवाने तिला कसं घरी नेलं याची मावशी सगळ्यांपुढे साक्ष देणार आहे. पाळकसाहेबांची इच्छा अशी की तिच्या शेजारी मी उभं राहावं आणि लिफ्टची इंजिनीयर म्हणून सांगावं की विजेशिवाय लिफ्ट वर जाऊ शकत नाही.

७. जाऊ शकते.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे मी काय काम करते हे तुला माहीत नाही. मी लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत आहे. लोअर परळला गिरण्यांच्या जागी जे उंच टॉवर उभे राहिले आहेत, त्यांतल्या लिफ्टचे ब्रेक मी तपासते. लिफ्ट दोराला लटकलेली असते आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन असतं. ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड ठेवतात, साधारण तीन माणसं आत असली की दोन्ही बाजू सारख्या होतील इतकं. आत एकटं माणूस असेल आणि ब्रेकने धरलं नाही, तर लिफ्ट खाली पडत नाही. ते वजन खाली जातं आणि माणूस वर जातो. आमच्याकडे नव्या आलेल्या मुलांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि त्यांचाही चटकन विश्वास बसत नाही.

ब्रेकचंही सांगते, कारण ते तुला आवडलं असतं. लोकांना वाटतं की लिफ्टचा ब्रेक विजेने लागतो. उलट आहे. ब्रेकच्या स्प्रिंगा कायम आवळूनच असतात, आणि वीज असेपर्यंत ती त्यांना ओढून धरते, म्हणून लिफ्ट हलते. वीज गेली की ब्रेकला कोणी काही सांगावं लागत नाही, तो आपोआप आवळतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात बसले होते, आणि मनात आलं ते हे की आईने यावर महिला मंडळात दहा मिनिटं दाखला दिला असता. सगळं चालू असताना विश्वास कुठे दिसतो, दिवे गेले की कळतं त्याने धरलंय ते, असं काहीतरी. तू रोजच्या वस्तूंमधून असे दाखले काढायचीस. गॅसचा लायटर, उतू जाणारं दूध, वॉर्डातली सुया उकळायची पेटी, तुला काहीही चालायचं. मी ते मनात खोलून बघायचे आणि पुष्कळदा त्यात एखादा स्क्रू कमी निघायचा. ब्रेकच्या दाखल्यात कमी नाही. अट एकच आहे, ब्रेक कोरडा हवा.

बुधवारी मी घरी आले, गलका ऐकून वर गेले, तर मावशीचं दार उघडं होतं आणि आत अर्धी इमारत होती. "आली बघा आमची लिफ्टवाली," मावशी ओरडली. "अगं, वर गेले मी! लाइट नाही, पंखा नाही, आणि मी आपली वर!"

"तुम्ही चुकून बटण दाबलं असेल, मावशी," शेजारची बाई म्हणाली.

"अंधारात मला माझं नाक सापडेना, बटण कुठून सापडणार?"

सगळे हसले. मावशी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. वर गेले, एवढं ऐकल्यावर मला बाकी काही ऐकायची गरज नव्हती. वर गेली याचा अर्थ ब्रेक धरत नाही. एकट्या मावशीला घेऊन ती वर गेली. सहा माणसांना घेऊन ती खाली जाईल.

गुरुवारी देखभालीच्या कंपनीचा माणूस आला, त्याने फ्यूज बदलला, लिफ्ट वरखाली फिरवली आणि "चालू आहे मॅडम" म्हणाला. ब्रेकबद्दल विचारलं तर म्हणाला, सामान मागवलंय, पुढच्या आठवड्यात येईल. संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. सलाम झाला, पप्पांची चौकशी झाली, आणि मग साक्षीचं निघालं. मी म्हटलं, "आधी मला लिफ्ट बघू द्या."

"बघ की. मग तर तुझी साक्ष आणखी पक्की होईल."

त्यांनी रविवारचा सगळा बेतही सांगितला. उपासनेनंतर मंडळी मावशीच्या घरी येणार, तिथे प्रार्थना, गाणी आणि जेवण. पेटी आणि ढोलकी येणार आहे. मटण-पुलावाचा टोप खाली पप्पांच्या मित्राच्या गाडीतून येईल आणि लिफ्टने वर जाईल. मंडळीत निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत, चार मजले कोण चढणार? मी मनात बेरीज करत होते. सहा माणसं, एक पेटी, एक टोप.

आज सकाळी कामावर उशिरा येते असं कळवलं आणि गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेले. तुझी टॉर्च घेतली होती. पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायची ती पेनाएवढी टॉर्च, जी तू मला दहावीचा निकाल लागला तेव्हा दिलीस. "हिचा उजेड थोडा आहे, पण नेमका पडतो," म्हणाली होतीस. कामावर माझ्याकडे चांगली, मोठी टॉर्च आहे, तरी ब्रेक बघताना मी हीच काढते. ब्रेकच्या चाकावर उजेड टाकला आणि ते चकाकलं. गिअरबॉक्समधून तेल गळून चाकावर पसरलं होतं. कोरडं लोखंड तसं चकाकत नाही.

मग मी प्रत्येक मजल्यावर जाऊन आत कोणी नाही, दारं बंद आहेत हे बघितलं, वर आले आणि रिकामी लिफ्ट खाली जात असताना मेन स्विच पाडला. दोर क्षणभर थांबले आणि उलटे फिरू लागले. अगदी सावकाश. मी तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली, ती शेवटी लिहिते, कारण तिच्याबद्दल काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लिफ्ट फार वेगाने खाली जाऊ लागली तर पकडायला दुसरी एक यंत्रणा असते, हे खरं. तिची चाचणी शेवटची कधी झाली हे इमारतीत कोणालाच माहीत नाही. मी स्विच बंद केला, मशीनरूमला माझं कुलूप घातलं आणि खाली लिफ्टच्या दारावर पाटी लावली.

अर्ध्या तासात सोसायटीचे सेक्रेटरी दारात. तू त्यांना ओळखतेस. दुसऱ्या मजल्यावरचे, वडील गिरणीत होते ते, रागावले की मालवणीत बोलतात. "गो बाय, तुमच्याच मंडळींचो कार्यक्रम, आणि तूच कुलूप लावतंस? देवाक तरी इचारलंस?"

मी त्यांना तेल, ब्रेक, वजन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तेवढे ते भले आहेत. मग म्हणाले, "कंपनीचा माणूस सांगतो चालू आहे. तू सांगतेस बंद. मी कोणाचं ऐकू? तू कमिटीवर नाहीस, तुझ्या कंपनीचं कंत्राट नाही. आणि तुझी मावशी आठवडाभर वर अडकणार त्याचं काय?"

"आम्ही तिला खुर्चीत बसवून उतरवू."

"ती बसेल?"

जिने आयुष्यभर दुसऱ्यांना स्ट्रेचरवर घेतलं, ती चार पोरांच्या हातांवर खुर्चीत बसून जिना उतरणार नाही. सेक्रेटरींनी माझं तोंड बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो. मावशी स्वतः म्हणाली ना की बंद ठेवा, तर मी एक शब्द बोलणार नाही. तिचीच वाट बंद होतेय. नाहीतर कुलूप तोडणार, आधीच सांगून ठेवतो."

म्हणजे सगळं मावशीवर आलं. आणि मावशीला हे सांगायचं तर तिच्या साक्षीखालची फळीच काढायची.

तुला कुकर आठवत असेल. मी अकरा वर्षांची होते. गिरगावच्या चर्चमध्ये महिला मंडळाची सभा होती, तू मला बरोबर नेलं होतंस आणि तू कुकरचा दाखला देत होतीस. मनातली वाफ प्रभूपुढे सोडावी, तीच शिट्टी, नाहीतर माणूस फुटतो. मी बाकावरून उठून म्हटलं, "आई, शिट्टी वाफ सोडायला नसते. वाफ आत राहावी म्हणून ते वजन ठेवतात. सोडायचीच असती तर झाकण कशाला लावलं असतं?" बायका खदखदून हसल्या. मावशी सगळ्यात जास्त हसली. तूही हसलीस, आणि दाखला तिथेच संपवून प्रार्थनेला सुरुवात केलीस. परळच्या बसमध्ये तू खिडकीकडे बघत होतीस. लालबाग आलं तेव्हा म्हणालीस, "तुझं बरोबर होतं. पण इंजेक्शन बरोबर असलं म्हणून सिस्टरने ते कसंही टोचायचं नसतं. आधी हात धरावा लागतो." एवढंच. रात्री जेवताना नेहमीसारखं वाढलंस. मी मात्र त्यानंतर मंडळीत कधीच उठून बोलले नाही. लोकांना वाटतं मी शांत आहे. मी फक्त बरोबर असलेलं आत ठेवते, कारण हात धरणं मला जमत नाही.

आज दुपारी मी मावशीकडे गेले. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रविवारच्या पुलावासाठी पाठवायचे तांदूळ निवडत होती, तेही आज शुक्रवारी. "ये. मला तपासायला आलीस ना? चष्मा पुसून घे आधी."

मी समोर बसले आणि तांदळाचा एक ढीग माझ्याकडे ओढून घेतला. "मावशी, लिफ्टच्या दोराला दुसऱ्या टोकाला वजन असतं."

"विहिरीच्या रहाटासारखं?"

"साधारण तसंच."

"बरं, मग?" ती खडे काढत होती. मी पुढचं वाक्य मनात जुळवत होते, तेवढ्यात तीच बोलू लागली. "तुला एक सांगते. मंडळीत नाही सांगणार, तुला सांगते. तुझ्या आईच्या वेळी मी मागितलं होतं. तू ऐकलंयस, उशाशी बसून मागायचे. ते नाही मिळालं. मी देवावर रुसले नाही हो, उपासनेला गेले, गाणी म्हटली, दुसऱ्यांसाठी प्रार्थना केल्या. पण स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नाही. इतकी वर्षं. म्हटलं, नको, पुन्हा नाही म्हणाला तर? आणि परवा त्या अंधारात तोंडातून निघूनच गेलं, मला घरी ने. आणि नेलं गं त्यानं." तिने सुपातला एक खडा उचलून खिडकीतून बाहेर टाकला. "रविवारपर्यंत लिफ्ट सुरू होईल ना?"

मी "बघू" म्हटलं. तिने पप्पांसाठी डब्यात कालवण दिलं आणि मी खाली आले. जिन्याने.

आई, मी तिथे का गप्प झाले हे तुला वेगळं सांगायला नको. मीही ती प्रार्थना ऐकली होती. मी तुझ्या पायांशी उभी होते. मावशी मोठ्याने मागत होती आणि मी सलाईनचे थेंब मोजत होते. काहीही थांबलं नाही. त्यानंतर मी ठरवलं असं नाही, पण झालं असं की ज्या गोष्टी थांबवता येतात त्याच मी शिकायला घेतल्या. म्हणून बुधवारी सगळे हसत होते तेव्हा माझ्या मनात एक कडू गोष्टही आली होती, ती लिहून टाकते. मला वाटलं, एका लिफ्टसाठी वेळ मिळाला का देवाला.

आज संध्याकाळपासून मला तुझ्या वॉर्डातला एक दिवस पुन्हा पुन्हा दिसतो आहे. शाळा लवकर सुटली आहे आणि मी नर्सिंग स्टेशनच्या स्टुलावर बसले आहे. एका म्हाताऱ्या पेशंटचा मुलगा तुझा हात धरून सांगतो आहे, "सिस्टर, तुमच्या देवानं वाचवलं माझ्या बापाला." तू म्हणतेस, "हो, त्याचे आभार मानू या," आणि तिथेच, पलंगाशी उभी राहून, छोटी प्रार्थना करतेस. तो डोळे मिटतो. म्हातारा डोळे मिटतो. मी बोटांच्या फटीतून बघते तर तुझे डोळे टक्क उघडे आहेत. आमेन म्हणता म्हणता तू त्या म्हाताऱ्याच्या हातावरची सलाईनची पट्टी सोडायला घेतली आहेस, कारण ती बदलायची वेळ झाली आहे. घरी येताना मी तुला पकडते. "प्रार्थनेत तुझे डोळे उघडे होते."

"सलाईनवर होते. बाटली संपत आली होती."

"मग पाप नाही?"

"त्यानंच माझी तिथे ड्यूटी लावली होती. त्याला चालतं."

तेव्हा मला ही पळवाट वाटली होती. आज वाटत नाही. तू त्या मुलाचं आभार मानणं खोटं ठरवलं नाहीस, आणि आभार मानले म्हणून पट्टीही चुकवली नाहीस. तुझ्या दाखल्यांपैकी हा एकच असा आहे जो तू दाखला म्हणून दिला नाहीस, आणि यात मला कुठे स्क्रू कमी सापडत नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. कुलूप निघणार नाही. सेक्रेटरींनी तोडलं तर मी लिफ्टच्या दारात उभी राहीन, आणि रविवारी मंडळी आली की त्यांनाही तिथेच सांगेन. साक्षीला बोलावलं तर जाईन, पण विजेशिवाय लिफ्ट वर जात नाही असं म्हणणार नाही. मावशीला खाली उतरता आलं नाही तर साक्ष तिच्या घरात होऊ दे, ज्यांना जिना चढवेल ते चढतील. टोप मी आणि पप्पा वर नेऊ. हे सगळं पक्कं आहे. राहिली ती मावशी.

आता चाचणीतली ती गोष्ट. लिफ्टच्या दोरांवर रंगाच्या खुणा असतात, त्यावरून मशीनरूममध्ये कळतं की लिफ्ट कोणत्या मजल्यावर आहे. तिन्ही वेळा लिफ्ट सरकत वर आली आणि चौथ्या मजल्याची खूण ओलांडून पुढे जात राहिली. स्वतःहून ती थांबली नाही. तिन्ही वेळा मला मशीनचं चाक दोन्ही हातांनी धरून तिला थांबवावं लागलं. बुधवारी तिथे चाक धरायला कोणी नव्हतं. याची कारणं मला सुचतात. रिकाम्या लिफ्टमध्ये वजनाचा फरक जास्त असतो, मावशी आत असताना तो कमी होता, म्हणून ब्रेकने शेवटी धरलं असेल. पण मग तो तिथपर्यंत का सुटला? तेल आज जास्त पसरलं असेल. चाकाच्या एखाद्या भागावर कमी असेल. यातलं एकही मला सिद्ध करता येत नाही, आणि माझ्या कामात सिद्ध न झालेलं कारण अहवालात लिहीत नाहीत, माहीत नाही असंच लिहितात.

आणखी एक, जे मी कोणालाच सांगणार नाही. तिसऱ्या वेळी चाक धरताना माझे ओठ हलत होते. मी काहीतरी मागत होते. डोळे उघडे होते, चाकावर होते.

हे पत्र टॉर्चच्या डब्यात राहील, ते कुठे जाणार नाही हे मला कळतं. तरी विचारते. मावशीला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. लिफ्ट वर का गेली हे मला माहीत आहे. ती चौथ्या मजल्यावर का थांबली हे मला माहीत नाही. तिचा हात धरून यातली आधी कोणती सांगू, ते उद्या, शनिवारी, संध्याकाळपर्यंत कळव.